आभाळाकडे बघणारी माणसं

परवा वहिनीचा फोन आला. "भाऊजी, गुरुवारी स्वर्गारोहण हाय. येताय का न्हाई?" मी नेहमीप्रमाणे ऑफिसचं कारण सांगितलं. गुरुवार म्हणजे आठवड्याचा मधला दिवस, सुट्टी नाही, पुण्याहून आष्टी तालुक्यात जाऊन परत येणं एका दिवसात होत नाही, वगैरे वगैरे. वहिनी "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. तिच्या त्या "बरं"नं मला दोन दिवस छळलं. त्यातून हे लिखाण.

घरातली मंडळी हे वाचतात, त्यांना यातलं बरंच माहीत आहे. पण इथे येणारे बरेचसे मित्र ख्रिस्ती नाहीत. त्यांना ख्रिसमस ठाऊक असतो, गुड फ्रायडे सुट्टीमुळे ठाऊक असतो आणि ईस्टर अंड्यांमुळे. स्वर्गारोहणाचा दिवस मात्र बिचारा सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. खरं सांगायचं तर ख्रिस्ती लोकांच्याही सुटतो. ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी, म्हणजे नेहमी गुरुवारीच, हा सण येतो. केक नाही, तारे नाहीत, चांदणी नाही. कित्येक ठिकाणी गुरुवारी लोक जमत नाहीत म्हणून तो पुढच्या रविवारी ढकलतात.

गोष्ट थोडक्यात अशी. पुनरुत्थानानंतर येशू चाळीस दिवस शिष्यांना भेटत राहिला. मग एके दिवशी तो त्यांना यरुशलेमजवळच्या जैतुनाच्या डोंगरावर घेऊन गेला, हात उंचावून आशीर्वाद दिला आणि देता देताच वर घेतला गेला. एका ढगानं त्याला दृष्टीआड केलं. शिष्य मान वर करून बघत राहिले. तेव्हा पांढऱ्या वस्त्रातले दोन पुरुष त्यांच्याजवळ येऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं की बाबांनो, असे आभाळाकडे बघत काय उभे आहात? तो येईल परत. मग शिष्य डोंगर उतरून गावात परतले. लूकनं ही हकिगत दोनदा सांगितली आहे, एकदा आपल्या शुभवर्तमानाच्या शेवटी आणि एकदा 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सुरुवातीला. एकच प्रसंग एका पुस्तकाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात! माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे. पण त्याकडे नंतर येतो.

आधी आभाळाबद्दल.

ईस्टरची तारीख पुढेमागे होते, त्यामुळे स्वर्गारोहणाचा गुरुवार ३० एप्रिल ते ३ जून या दिवसांतच कुठेतरी पडतो. युरोपात तेव्हा फुलांचा बहर असतो. आमच्याकडे तेव्हा काय असतं ते बीड जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. विहिरींचे तळ दिसतात, जनावरं दावणीला हाडं मोजत उभी असतात, टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागलेली असते आणि मृग आठवड्यावर किंवा महिन्यावर आलेला असतो. वर्षाची सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तीही कागदावर. १९७२, २०१२-१३, २०१५-१६ ही सालं आमच्याकडे दुष्काळाच्या नावानंच ओळखली जातात. अशा दिवसांत सगळा गावच आभाळाकडे बघत असतो. हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती, सगळे. शिष्यांनी वर बघितलं त्यात नवल ते काय, असं आमच्या माणसाला वाटलं तर चूक नाही.

मी सातआठ वर्षांचा असेन. आजीच्या अंगणात लिंबाखाली संध्याकाळची उपासना होती. दिवसा सगळे कामावर, म्हणून हा सण आमच्याकडे कायम दिवेलागणीलाच. पाळकसाहेबांनी दुपारीच आम्हा पोरांना ही गोष्ट सांगितली होती. त्यामुळे मी अंगणाच्या मध्यात अनवाणी उभा राहून वर ढग शोधत होतो. मे महिन्यात ढग कुठला! आजी पाण्याची कळशी घेऊन आली आणि म्हणाली, "आभाळाकडं काय बघतुस, खाली बघ, पाय पोळत्याल." देवदूतांनी विचारलेला प्रश्न आजीनं तिच्या भाषेत विचारला होता, हे कळायला मला तीस वर्षं लागली.

आता थोडं शब्दाबद्दल. 'स्वर्गारोहण' हा शब्द मराठी ख्रिस्ती लोकांनी घडवला नाही. तो महाभारतातून आला. अठरावं, म्हणजे शेवटचं पर्व 'स्वर्गारोहण पर्व'. त्याच्या आधीच्या पर्वात पांडव हिमालयाकडे निघतात, एकेक करून पडतात आणि शेवटी धर्मराज आणि त्याच्या मागून आलेलं कुत्रं एवढेच उरतात. मग युधिष्ठिर सदेह स्वर्गात पोचतो. तिथे त्याला सिंहासनावर दुर्योधन दिसतो आणि भाऊ दिसत नाहीत. भावांचे आवाज नरकातून ऐकू येतात, तेव्हा तो म्हणतो की मला तुमचा स्वर्ग नको, मी यांच्यापाशीच राहतो. ही परीक्षा होती हे नंतर कळतं. शेवटी तो आकाशगंगेत स्नान करतो, मानवी देह तिथेच सोडतो आणि दिव्य देह धारण करतो.

आणि महाराष्ट्रात तर 'सदेह' म्हटलं की पहिले आठवतात तुकोबा. तुकाराम बीजेला देहूला लोटणारी गर्दी ज्यानं पाहिली असेल त्याला 'गेले' आणि 'आहेत' हे दोन शब्द एकाच वाक्यात कसे नांदतात ते समजावून सांगावं लागत नाही. तुकोबांचं नक्की काय झालं यावर विद्वानांचे वाद आहेत आणि ते होत राहतील. मला इथे एवढंच म्हणायचं आहे की माणूस देहासकट वर जातो ही कल्पना ख्रिस्ती मिशनऱ्यांनी बोटीतून आणली नव्हती. ती आमच्या मातीत आधीच होती. म्हणून आमच्या पणजोबांच्या पिढीला ती परकी वाटली नसावी. शेजारच्या मुसलमान घरांनाही ती परकी नाही. ईसांना अल्लाहनं आपल्याकडे उचलून घेतलं अशी त्यांचीही श्रद्धा आहे.

पण एक फरक आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. युधिष्ठिरानं मानवी देह शेवटी टाकला. ख्रिस्तानं टाकला नाही. ख्रिस्ती शिकवण अशी की जो देह खिळला गेला, ज्या देहानं पुनरुत्थानानंतर शिष्यांसमोर बसून मासा खाल्ला, तोच देह, हातांवरच्या वणांसकट, देवाच्या उजवीकडे आहे. आशीर्वाद देताना वर उचललेले हात खिळ्यांच्या खुणांचे होते. आणि त्याच्याही आधी ते सुताराचे हात होते, घट्टे पडलेले.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. आमचे पूर्वज कोण होते ते सांगायला मला संकोच नाही. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली त्यांनी अहमदनगरला (आता अहिल्यानगर) ठाणं केलं. नगर, शेवगाव, नेवासे या भागात जे लोक ख्रिस्ती झाले त्यांतले बहुसंख्य महार आणि मांग समाजातले होते. हद्दीपलीकडचा बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत राहिला. पण नात्यागोत्याला हद्द नसते. सोयरिकीतून, बाजारातून, दुष्काळातल्या पायपिटीतून हा धर्म इकडेही आला. ज्या माणसांची सावलीसुद्धा चालत नव्हती, त्यांना कुणीतरी सांगितलं की तुमच्यासारख्याच एका कष्टकऱ्याचा जखमी देह देवाच्या शेजारी बसला आहे आणि तो तिथे परका नाही. हे ऐकून त्या माणसांना काय वाटलं असेल, याची कल्पना मी खूपदा करून बघतो. देवळाच्या पायरीवर न चढलेला माणूस आणि त्याच्या जातकुळीचा देह थेट सिंहासनापाशी! धर्मांतरानंतर सगळं बदललं असं नाही. जात चर्चमध्येही शिरली, बाकावर बसली, लग्नं जुळवू लागली. पण शिकवणीत हा एक निखारा राहिला आणि तो अजून विझलेला नाही.

आजच्या भाषेत बोलायचं तर आमच्या जिल्ह्यात देहाची किंमत कोयत्यात मोजतात. बाहेरच्यांसाठी सांगतो: ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रकमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचं, पाचटाच्या खोपीत राहायचं, पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या आणि हंगाम संपला की उन्हाळ्यात परतायचं. खाडा झाला की उचलीत वळता. २०१९ साली या बायकांची एक गोष्ट देशभर गाजली. कामात खंड नको म्हणून आणि डॉक्टरांनी घाबरवलं म्हणून तरण्याताठ्या बायकांनी गर्भाशयं काढून घेतली होती. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात सुमारे ८२ हजार स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचं समोर आलं.

माझी वहिनी बारा हंगाम ऊसतोडीला गेलेली आहे. तिच्या उजव्या हाताच्या तळव्यावर कोयत्याची एक खूण आहे, अंगठ्यापासून मनगटापर्यंत. वर्षानुवर्षं मी ती बघत आलोय. तरी स्वर्गारोहणाचा आणि त्या खुणेचा काही संबंध आहे हे मला कधी सुचलं नव्हतं. धर्म म्हणजे आत्म्याचा मामला, देह काय मातीचाच, असं आपण किती सहज म्हणतो. स्वर्गारोहण नेमकं याच्या उलट सांगतं. देवाला देह टाकाऊ वाटला नाही. मग माणसानं दुसऱ्याचा देह टाकाऊ मानायचा अधिकार आणला कुठून? कारखान्याच्या हिशोबात बसत नाही म्हणून कापून टाकण्याइतकं स्वस्त काहीही त्या देहात नाही. रोजच्या ख्रिस्ती जगण्यात या सणाचा पहिला अर्थ मला हा दिसतो.

दुसरा अर्थ शोधायला थोडं इतिहासात जावं लागेल.

पहिली तीनेक शतकं हा सण वेगळा असा पाळत नव्हते. पुनरुत्थान, स्वर्गारोहण आणि पवित्र आत्म्याचं येणं ही पन्नास दिवसांची एकच मोठी जत्रा होती. चौथ्या शतकाच्या शेवटी एजेरिया नावाची एक बाई पश्चिमेकडून यरुशलेमच्या यात्रेला गेली होती. तिनं मैत्रिणींसाठी लिहून ठेवलेलं प्रवासवर्णन आजही वाचायला मिळतं (आजची ब्लॉगर म्हणायला हरकत नाही!). ती सांगते की पन्नासाव्या दिवशी दुपारी सगळे लोक जैतुनाच्या डोंगरावर जमत आणि तिथे स्वर्गारोहणाचा उतारा वाचत. चाळिसाव्या दिवसाचा स्वतंत्र सण त्याच सुमाराला रुळत गेला. त्या डोंगरावर एक गोल देऊळ बांधलं होतं, मधोमध वरून उघडं, आभाळ दिसावं म्हणून. पुढे बाराव्या शतकात क्रुसेडवाल्यांनी तिथे अष्टकोनी वास्तू उभी केली. ११८७ नंतर ती मुसलमानांच्या ताब्यात गेली, वर घुमट चढला, आणि आजही ती त्यांच्याच वक्फकडे आहे. स्वर्गारोहणाच्या दिवशी ख्रिस्ती लोक तिथे उपासना करतात.

आत काय आहे ठाऊक आहे? जमिनीत एक दगड आणि त्यावर पावलाचा ठसा. वर जाताना येशूचं शेवटचं पाऊल इथे उमटलं अशी श्रद्धा. ऐतिहासिकदृष्ट्या त्यात काही अर्थ नसेल. पण मराठी माणसाला तो ठसा बघून लगेच पादुका आठवतील. दर आषाढीला शेगावहून गजानन महाराजांची पालखी निघते आणि आमच्या जिल्ह्यातून, परळी-अंबाजोगाईवरून, पंढरीला जाते. पालखीत महाराज नसतात, पादुका असतात. गेलेल्याच्या पावलांमागे हजारो जिवंत पावलं चालतात. जर्मन चित्रकार ड्यूररनं १५११ च्या सुमारास एक लाकडी ठसा कोरला. त्यात ढगातून लोंबणारी फक्त दोन पावलं दिसतात आणि खाली खडकावर त्यांच्या खुणा. बाकी सगळं चित्र खाली राहिलेल्या माणसांचं आहे. मला हे चित्र फार आवडतं. सण जाणाऱ्याचा असला तरी चित्र राहिलेल्यांचं.

आणि राहिलेल्यांनी काय केलं? लूक सांगतो की ते मोठ्या आनंदानं परतले. हे वाक्य मला लहानपणापासून खटकायचं. गुरू कायमचा दिसेनासा झाला आणि आनंद कसला? आमच्या घरात कुणी गेलं की आठ दिवस चूल नीट पेटत नाही. पण पुढे वाचत गेलं की उलगडा होतो. ज्यांना आतापर्यंत साधं भूत काढता येत नव्हतं, वादळात घाबरून गुरूला उठवत होते, ऐन वेळी पळून गेले होते, ते आता स्वतः उभे राहिले. आणि पहिलं भांडण कशावरून झालं? विधवांच्या रोजच्या जेवणाच्या वाटपावरून! काही विधवांना डावललं जातंय अशी तक्रार आली आणि सात माणसं नेमून वाटप सुरळीत केलं. म्हणजे आभाळातून मान खाली घेतल्यावर त्यांना पहिल्यांदा दिसलं ते रेशन. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना आधीच सांगून ठेवतो की मी जाण्यातच तुमचं हित आहे. हे विधान मला क्रूर वाटायचं. आता वाटत नाही. त्याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही आमच्याच भागातली.

पहिलं नगरचं. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला ख्रिस्ती झाले आणि पुढे नगरला राहिले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. त्यांनी 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य लिहायला घेतलं, पण ९ मे १९१९ रोजी ते गेले तेव्हा सुरुवातीचे थोडे अध्यायच झाले होते. (२०२४ साली स्वर्गारोहणाचा गुरुवार नेमका ९ मेला आला होता. योगायोगच.) पुढचं काम कुणी करावं? एवढा मोठा कवी, त्याचं अर्धवट काव्य. ते हाती घेतलं शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी. त्यांनी चौसष्ट अध्याय लिहिले. चौसष्ट! शिवाय 'स्मृतिचित्रे' लिहिली, मराठीतलं एक अव्वल आत्मचरित्र. टिळक असताना लक्ष्मीबाई त्यांच्या संसाराला, त्यांच्या विसरभोळेपणाला आणि त्यांच्या संन्यासाला पुरून उरण्यातच गुंतलेल्या होत्या. त्यांच्या जाण्याचं दुःख खरंच होतं, ते कुणी नाकारू नये. पण त्या रिकाम्या जागेत एक दुसरा आवाज उभा राहिला, आणि तो टिळकांच्या आवाजाची नक्कल नव्हता.

दुसरं जामखेडचं. जामखेड नगर जिल्ह्यात असलं तरी आमच्या आष्टी-पाटोद्याला चिकटून आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती जोडपं, दोघं वेल्लोरला शिकलेले. १९७० साली त्यांनी तिथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्स खेड्यात ठेवून पाहिल्या, जमलं नाही. मग त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकत आणि गावात परत जाऊन बाळंतपणं करत, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी पाजायला शिकवत, कुष्ठरोग ओळखत. बहात्तरच्या दुष्काळात हातपंप घ्यायची वेळ आली तेव्हा आरोळ्यांनी ते दलितवस्तीत घेतले. पाणी पाहिजे तर सगळ्या गावानं तिथे यायचं! १९७१ साली त्या भागातलं बालमृत्यूचं प्रमाण हजारी पावणेदोनशेच्या घरात होतं. वीसेक वर्षांत ते पंचवीसच्या आसपास आलं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ च्या मे महिन्यात. काम चालू राहिलं.

डॉक्टर गावात ठाण मांडून बसला असता तर गाव कायम डॉक्टरच्या तोंडाकडे बघत बसलं असतं. जाणत्यानं थोडं बाजूला व्हायला लागतं, तेव्हा अडाणी म्हणवली जाणारी बाई स्वतःच्या हातांवर विश्वास ठेवते. मात्र एक अट आहे. बाजूला होणं म्हणजे टाकून जाणं नव्हे. आरोळ्यांनी आधी शिकवलं, जवळचं सगळं दिलं, आणि अडलं तर मी आहे हा भरवसा दिला. येशूचं जाणं मला असं दिसतं. त्याचं स्थळ बदललं, साथ सुटली नाही. गालीलात एका गावी असलेला माणूस दुसऱ्या गावी नसतो. आता तो कुठल्या एका गावी नाही, म्हणून आष्टीच्या लिंबाखालीही असू शकतो आणि उसाच्या फडातही.

यावर एक आक्षेप माझा मलाच येतो. 'तुमचं हित आहे' म्हणून निघून जाणारे सगळेच काही येशू किंवा आरोळे नसतात. सरकारं जातात, पुढारी जातात, निवडणुकीनंतर तर हमखास जातात. माझ्यासारखी शिकलेली पोरं पुण्याला जातात आणि वर्षातून दोनदा मोबाइलवर आशीर्वाद पाठवतात. आमच्या जाण्यानं गावाचं हित झालं असं म्हणायची माझी छाती नाही. आम्ही जाताना काही शिकवून गेलो नाही, देऊनही गेलो नाही. फक्त गेलो.

आजी पाच वर्षांपूर्वी वारली. तिच्यानंतर दोन वर्षं अंगणातली स्वर्गारोहणाची उपासना झालीच नाही. पाळकसाहेबांकडे सहा गावं, त्यांना यायला जमेना. मी दोन्ही वेळा फोनवर हळहळलो. "परंपरा मोडली" असं मोठ्या माणसासारखं म्हणालोही. तिसऱ्या वर्षी वहिनीनं सगळ्यांना बोलावलं. तिला सलग वाचता येत नाही, अक्षरं लावत लावत वाचते. तिच्या मुलीनं उतारा वाचला, शेजारच्या म्हातारीनं भजन सांगितलं आणि वहिनीनं प्रार्थना केली. ऊसतोडीहून परतलेली चार कुटुंबं होती. तिनं कुणाकुणासाठी प्रार्थना केली ते पुतणीनं मला सांगितलं: पावसासाठी, मुकादमाच्या पायाच्या फ्रॅक्चरसाठी (मुकादमासाठी!), फडात बाळंत झालेल्या एका पोरीसाठी, आणि पुण्याच्या भाऊजींसाठी, त्यांना लई काम असतं म्हणून.

हे ऐकून मी बराच वेळ गप्प होतो. आजी होती तोवर वहिनी मागे चुलीपाशी चहा करत असायची. ती प्रार्थना करू शकते हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. बहुतेक तिलाही नव्हतं.

आता सांगायचं राहिलं ते एवढंच. वहिनीला काल परत फोन केला. गुरुवारी दुपारी निघतो, रात्री पोचतो, उपासनेला थोडा उशीर होईल म्हणालो. ती म्हणाली, "या. तुमच्यासाठी थांबत न्हाई बरं का, येळेवर सुरू करणार." मी म्हटलं, अजिबात थांबू नका.

ऑफिसात काय कारण सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. तुम्हाला काही सुचलं तर कळवा. आणि येताना पुण्याहून काय आणू ते घरच्यांनी वेळेत सांगावं, मागच्या वेळेसारखं गाडी नगर सोडल्यावर नको.